सळयांवर बसलेली सून

— नाही उठणार, गुरुजी, हवं तर नारळ माझ्या डोक्यावर फोडा, हेल्मेट आहे — बसा ना तुम्हीपण, त्या फळीवर बसा, सळयांवर नको, धोतर अडकेल, माझी ओढणी अडकलीच मघाशी — आणि मी हसतेय म्हणून रागावू नका, मी घाबरले की मला हसूच येतं, साखरपुड्यालाही फिदीफिदी हसत होते, आठवतंय ना, तुम्हीच डोळे वटारले होतेत. तेव्हा तुम्हाला काय माहीत, शिवदासशेठची ही होणारी सून त्यांच्याच साइटची इंजिनियर, आणि तीच त्यांचा स्लॅब अडवून बसेल — बसेल म्हणजे अगदी मांडी घालून, डबा घेऊन! खाली मिक्सर घरघरतोय, बायका घमेली घेऊन उभ्या, पेढे आलेत, आणि मी इथे. झकास ना?

का म्हणजे? अहो, ही गॅलरी — ही बाहेर आलीय ना, हिला खाली खांब नाही, काही नाही. हात पुढे करा. करा हो. आता या हातात पाण्याची बादली दिली, तर ताण कुठे येईल? वर, खांद्याकडे — मग सळया कुठे हव्यात? वरच्या अंगाला. आणि धोंडिराम फिटरने बांधल्यात तळाला, आतल्या खोलीसारख्या — चूक त्याची एकट्याची नाही, शेठना घाई, सिमेंट आत्ता कुठे बिनपरमिटचं मिळायला लागलंय, अख्ख्या कांदिवलीत मजले चढतायत, आपलाच मागे का? एकदा काँक्रीट पडलं की कुणाला काय दिसतंय, वरून छान रंग. मग एखाद्या गणपतीत सगळं घर मिरवणूक बघायला गॅलरीत उभं राहिलं, की वाट लागली.

दुपारपर्यंत होईल नीट, धोंडिराम स्वतः म्हणाला. काल शेठना सांगितलं तर म्हणाले, पोरी, हे केस उन्हाने पांढरे नाही झाले. मग मधुकरला सांगितलं. मधुकर म्हणाला, "लग्न होईपर्यंत तरी गप्प बस." तो वाईट नाही हो, बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते एवढंच, बाकी मला तो इतका आवडतो ना — हे काय सांगत बसले मी तुम्हाला! अंगठी? काढून ठेवलीय, सिमेंट लागतं म्हणून. नाही — सिमेंट लागतं म्हणून नाही. रुमालात बांधलीय. मागितलीच, तर शोधाशोध नको. बघा, आता हसू थांबेचना.

काय म्हणताय, आज दुसरा मुहूर्तच नाही? गुरुजी, माझे बाबा पंचांग बघितल्याशिवाय चप्पल घालत नाहीत. अभिजित मुहूर्त भर दुपारी असतो, आणि तो वर्ज्य फक्त बुधवारी, आज काही बुधवार नाही. शिवाय शिडी चढताना तुम्हीच म्हणालात, लवकर आटपा, दुपारी मालाडला सत्यनारायण आहे. म्हणजे हा मुहूर्त पंचांगातला की मालाडचा? — चुकले, चुकले, मी कोण बोलणारी — पण या स्लॅबला जशी माझी सही लागते ना, तसा तुमचा शब्द लागतो. मी नाही म्हटलं तर ती पोरगी आगाऊ. तुम्ही दुपार म्हणालात तर शेठ देवाला हात जोडून थांबतील. सत्यनारायण थोडा उशिरा झाला तर देव रागावेल का हो? मालाडकर रागावतील, ते खरं.

थांबा, शिडी वाजतेय. शेठच असणार.

या, काका. नाही, उठत नाही. हो, ऐकलं ना, लग्नाचंही ऐकलं, अंगठी ही घ्या, इथेच आहे — पण आधी मुहूर्ताचं बघा. दुपारी चालेल की नाही, ते मला नका विचारू, गुरुजी समोर बसलेत. मी आता गप्प.

सांगा, गुरुजी.