डोक्यातलं नाव

कान तपासायच्या दवाखान्यात सुतार रांगेत आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. समोरच्या बाकावर आई, बाप आणि पाचेक वर्षांची मुलगी होती. मुलीच्या डोक्याला नवाकोरा पट्टा होता आणि पट्ट्यावर बटणाएवढं यंत्र. सुताराने बघायचं टाळलं, पण ऐकायचं कसं टाळणार?

“कानाला भोकच नाही, मग आवाज जाणार कुठून?”

“हाडातून! डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं की हो. आतला कान ठणठणीत आहे तिचा. तुम्ही तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बोलता, ते ऐकतेच ना?”

“ते चिकटून. आता लांबून ऐकेल?”

“मग जा की त्या दाराशी. आणि पाठ करा, नाहीतर ओठ वाचेल लबाड.”

“काय बोलू?”

“अहो, घरी तिच्या डोक्यावर तासन्‌तास बडबडता, आणि आत्ता दातखीळ बसली?”

“पण नाहीच ऐकलं तर गं?”

“जा म्हणते ना!”

बाप दाराशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“ए… माझ्या भोपळ्याच्या बी…”

“वळली! अहो, वळली ती! ऐकलं तिनं!”

“खरंच? अगं माझ्या भोपळ्याच्या बी!”

मुलगी धावत गेली आणि उडी मारून तिने बापाच्या तोंडावर दोन्ही हात दाबले.

“बाबा, हळू! ते माझ्या डोक्यातलं नाव आहे ना? सगळ्यांना ऐकू गेलं!”

सुतारासकट अख्खी रांग छताकडे बघू लागली.