फोन लागतो तिथं गाडी

(बदलापूरपलीकडचं एक खेडं. बोलावल्यावर येणारी व्हॅन बौद्धवाड्यात, विहारासमोर उभी. व्हॅनच्या दारापाशी त्याच वाड्यातली भावना. गटाराच्या अल्याड हरिचंद्र आणि त्याची बायको कमळाबाई.)

हरिचंद्र : बोलावली की येते ना ही? मग आपल्या दारात का नाय आली?

कमळाबाई : फोन केला तिथं येते ती. नि फोन लागतो फक्त विहारापाशी. आपल्या आळीत कुठं लागतो?

हरिचंद्र : तू गेलीस तिथं?

कमळाबाई : मना कुठं जमतंय त्यातलं? शिवरामाच्या भावनानं लावला. सगळ्या गावाला तीच लावून देते, कंपनीत जाता जाता.

भावना : हरिचंद्र काका, चला! कोणी चढलं नाही तर तो कॅन्सल मारून निघतो.

हरिचंद्र : त्याला सांग पोरी, जरा आमच्या आळीच्या होळीच्या माळावर घे.

भावना : सांगितलं. नकाशात टिंब आहे तिथेच उभा राहणार म्हणतो. टॉवर आमच्याकडेच पकडतो, त्याला मी काय करू?

हरिचंद्र : तुना कोन बोलतंय? माझा बाप कधी गटार ओलांडून गेला नाय, इतकंच.

कमळाबाई : बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता पिकला. गेल्या खेपेला असंच हटून बसलात, ऑपरेशन ऱ्हायलं. आज नाय गेलात तं डोळा जाईल, डॉक्टर सपष्ट बोललाय.

हरिचंद्र : आळीतली मानसं बघतात.

कमळाबाई : बघूं देत. तुमाला कुठं दिसतंय कोन बघतं ते?

भावना : काका, दार लावतोय तो! ओ दादा, दो मिनट रुको ना, पेशंट है!

हरिचंद्र : कमळे, फळी कुठं हाय गटारावरची?

कमळाबाई : पुढं. नाय, उजवीकडं. अवो, तिकडं नाय!

भावना : थांबा, थांबा. मी आले. काका... हात धरू? चालेल?

हरिचंद्र : (पायानं फळी चाचपतो.)

कमळाबाई : इचारते ती.

हरिचंद्र : धर.

भावना : हां, आता पाय टाका. अजून एक. झालं. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे.

हरिचंद्र : संध्याकाळी परत कुठं उतरवील?

भावना : इथेच. माझी ड्युटी सुटलेली नसेल, पण आई येऊन उभी राहील. तुमच्या डोळ्याला पट्टी असणार ना.

हरिचंद्र : तिला बोल, ऊन उतरल्यावर ये. घाई नाय. आमी बसू इथं, विहाराच्या पायरीवर.