बाईंना घरी पाठवायचं का?

तुम्हाला नाही हो हसल्या त्या, मला हसल्या. तुम्ही उगाच चादर नीट करायला लागलात. आत्ता राउंडला आल्या होत्या ना तिघी डॉक्टर मुली, त्यातली चष्मेवाली दुसरीच्या कानात काय म्हणाली, ऐकलंत? "अगं, ही तर त्या कोर्समधली बाई!" — मी ऐकलं. बिघाड हृदयात आहे, कान शाबूत आहेत माझे. आता कोर्समधली म्हणजे कुठली, सांगू? सांगतेच. नाहीतरी तुमच्या हाताला सलाइन लावलंय, तुम्ही जाणार कुठे.

आपल्याला काय वाटतं, माणूस एकदा डॉक्टर झाला की सुटला. तर तसं नाही. हॉस्पिटलात नोकरी करणारे एवढे मोठाले डॉक्टर, त्यांनाही ऑनलाइन धडे घ्यावे लागतात, परीक्षा द्यावी लागते, गुण जमवावे लागतात — नाहीतर परवाना अडतो. आणि नुसतं व्याख्यान लावलं तर हे लोक आवाज बंद करून जेवायला बसतात म्हणे, म्हणून मग मध्ये नाटक घालतात. पेशंटचं. तो पेशंट म्हणजे मी. उभी हयात नाटकात गेली माझी — फार मोठं काही नाही, शेजारीण, मोलकरीण, एकदा राजमाता झाले, पण तीही आजारी आणि पडद्यामागून बोलणारी. म्हातारपणी हे काम मिळालं. दमा झाला, मूतखडा झाला, कावीळ झाली — काविळीचा रंग कानामागून आठवडाभर निघाला नाही, दूधवाल्यानं घाबरून चौकशी केली.

मग हार्ट अटॅक आला. म्हणजे धड्यातला. मी म्हटलं, आता दाखवते! छाती धरली, डोळे फिरवले, खुर्चीवरून पडले — चांगली पडले हो, पडायला शिकलेली आहे मी — तर तो धडे बसवणारा डॉक्टर, मिशा आहेत पण वयानं लहानच, तो म्हणतो, "मावशी, इतकं नका दुखू. छाती धरणारी बाई काय, कुणीही ओळखतो. मला न ओळखू येणारी हवी." म्हणजे कशी? तर छातीत काही नाही. जबडा जरा दुखतो, मळमळतं, थकवा आहे, आणि वर डॉक्टरलाच म्हणायचं, "उगाच त्रास दिला हो तुम्हाला." बास. आता जिचा जन्म शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं कण्हण्यात गेला, तिला हे जमायचं कसं? घाम काढला त्यानं माझा. तर मी ते एवढं बोलते आणि चित्र थांबतं आणि खाली प्रश्न येतो — डॉक्टर, या बाईंना घरी पाठवायचं का? बटण दाबल्याशिवाय पुढे जातच नाही ते. आणि पुष्कळ जण पाठवतात! शिकलेसवरलेले लोक, बिनदिक्कत घरी पाठवतात मला.

आमच्या डॉक्टरनंही पाठवलं. आमची म्हणजे — मुलाची बायको. होती. वेगळे झाले ते दोघं. भांडण नाही, आदळआपट नाही, सामान वाटून घेतलं आणि झालं. त्या वाटणीत मी कुठेच नव्हते. ती लांब दुसऱ्या हॉस्पिटलात गेली. आता फोन कुणी कुणाला करायचा? आणि काय म्हणून? तिनं केला नाही, मीही नाही. आधी ड्यूटीवरून आली की ओट्याला टेकून पातेल्यातूनच जेवायची आणि वॉर्डातलं सगळं मला सांगायची, मी ओरडायचे, अगं ताट घे, ताट घे — असो. तर एक दिवस दुपारी फोन. कशा आहात नाही, काही नाही. "आई, तुम्ही गेलात हो." म्हटलं, कुठे? "घरी. मी तुम्हाला घरी पाठवलं आणि तुम्ही गेलात." चुकीचं बटण दाबलं होतं तिनं! लाल फुली आली, आणि खाली अक्षरं — रुग्ण घरी दगावली. मी म्हटलं, अगं वेडे, माझं मरण तर चित्रातसुद्धा घेतलं नाही, वेळ पुरला नाही त्यांना. हसली नाही. रडत होती. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी असणार, मागे ट्रॉल्यांचा खडखडाट चालला होता. तेव्हापासून दर रविवारी फोन असतो.

योगायोग? हो, योगायोगच म्हणायचा. म्हणजे — तसाच म्हणायचा. काम घेताना मी मिशीवाल्याला विचारलं होतं, हे कोणकोण बघतं? म्हणाला, सगळ्या हॉस्पिटलांतले डॉक्टर. सगळ्या? सगळ्या. मग बाकी काही विचारलंच नाही मी. पण तिच्या वाट्याला कुठला धडा येणार, ते कसं कळावं? म्हणून मिळेल तो रोग घेत गेले. कावीळ काय हौस म्हणून होते का कुणाला?

तर कालच्या रविवारी. बोलता बोलता म्हटलं, जीव नको नको झालाय गं, दाढ ठणकतेय सकाळपासून. ती म्हणाली, "कुठली दाढ?" मी म्हटलं, खालची, डावीकडची. मग म्हणाली, "आई, तुम्हाला कवळी आहे." — आहेच की! माझ्याही ध्यानात नाही आलं! "मळमळतंय?" जरासं. उगाच तुला त्रास दिला, म्हटलं. हे म्हणाले मात्र, आणि दोघींनाही एकदम कळलं. दुसऱ्या फोनवरून तिनं अँब्युलन्स मागवली आणि तोवर मला बोलतं ठेवलं. दाराची कडी काढा, आई. भिंतीला टेकून बसा, आई. जागच्या हलू नका, आई. इथे खाली जो डॉक्टर होता त्यानं माझं तोंड बघितलं आणि एक अक्षर न विचारता छातीला वायरी लावल्या. तोही नापास झालेला असणार.

मुलगा? त्याला कळवलंय. येईल सवडीनं.

अगंबाई, आलीच वाटतं. तीच ती, दाराशी, खांद्याला पिशवी. किती वाळली आहे! — सिस्टर, अहो सोडा तिला आत, कोण लागते काय विचारत बसलात, रात्रभर प्रवास करून आलीय ती! — आणि हे बघा ताई, ते मघाचं, मिळेल तो रोग घेत गेले म्हटलं ना, ते तिच्यासमोर काढू नका. तिला वाटतं, म्हातारीला हौस आहे. वाटू दे. तुम्ही झोपा आता. तिकडे तोंड करून.