कोंडाबाईच्या विहिरीत सोडलेला कंदील

तर उतरू द्या की व्यंकटला, कोंडाक्का — गाळ काढायला लेक लंगोट घालून उभा हाय अन् तुमी त्याचा दंड धरून बसलाव. कामून? वरच्या अंगाला धोंडप्पाच्या शेतात कारखान्यानं बोअर मारली म्हणून? अवो, धूर वर सोडला की जग तापतंय म्हणे, दिल्लीत नवंच निघालंय. म्हणून सिमेंटच्या भट्टीतला वायू तेवढा गाळून घेतेत, टँकरनं आणतेत अन् पंपानं पार खोल दाबतेत — वर काळा खडक, झाकणावानी घट्ट, खाली फरशीचा दगड. तितंच मुरतोय. सोडाबाटलीतला वायू तोच की, पितो आपण. उद्या गुलबर्ग्याहून साहेब यायलेत, तुमी फकस्त म्हणायचं, आमची विहीर ठीक हाय. पुढच्या बोअरचं काम मलाच भेटंल, लपवून काय करू.

आता कंदील कामून सोडायलाव? गाळाच्या आधी सोडतेत, खाली हवा नीट हाय का बघायला, ठाव हाय मला, आमचा अप्पाबी सोडायचा. सोडा. बघा — जळायलाय का न्हाई? अन् लोक मला म्हणतेत, बंडेप्पा कारखान्याचा दलाल. — काय? आमच्या शेतात कामून न्हाई मारली? आमच्या शेताच्या खालच्या अंगाला आमचंच घर हाय, अक्का, अन् वायू जड असतोय, फटीतून निसटला तर उताराला... म्हंजे निसटत न्हाई. निसटला तर, म्हणायलो. धोंडप्पाची शेळी बोअरजवळच्या खड्ड्यात मेली, ती साप डसून मेली. मीच पुरली तिला, लोक उगं बोंब मारतेत म्हणून — डसल्याची खूण दिसली न्हाई, पर सापच असंल.

अजून खाली सोडायलाव? पुरे की. पार पाण्यापतूर कशाला —

विझला.

वारं असंल. विहिरीत वारं कुठलं? मंग रॉकेल सरलं असंल. व्यंकट, पेटव परत, सोड... हां. परत विझला. वात ओली असंल, अक्का, जुनाच तर कंदील हाय, मी नवा आणून —

दोर माझ्याकडं कामून करायलाव? मी? मला पवता येत न्हाई — व्हय, पाणी गुडघाभरच हाय, दिसायलंय मला. शिवय्याला म्हणा, आमच्या ड्रायवरला... तो बघा, जीपमागं गेला. सोडा दोर. व्यंकट, तूबी सोड. सोडा म्हणलं ना.

मला लेकरं हायत, अक्का.

असं बघू नका.