अण्णांचा साडेपाचचा डबा

काकू, अण्णांची दोन्ही मुलं, समोर बसलेले साहेब लोक आणि माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

एवढी माणसं जमलीत. पॅकिंगच्या बायका मशिनी बंद करून आल्यात. टँकरचे ड्रायव्हर दारात उभे आहेत. आटपाडीच्या केंद्रावरची मंडळी तर पहाटेच निघाली असतील. मला दूध तपासायला सांगा, दिवसभर मान वर करणार नाही. पण माईक हातात दिला की काही सुचत नाही. त्यातून अण्णांवर बोलायचं. अण्णा असते तर मागून म्हणाले असते, "सुनंदाबाई, आटपा लवकर. लोकास्नी कामं हायती."

मी सुनंदा, लॅबमध्ये असते. नवीन मुलांसाठी सांगते. अण्णा आपल्या दूध संघाचे हेडक्लार्क. रजा, हजेरी, बदल्या, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. गेल्या रविवारी दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते. काकू म्हणतात, चेहऱ्यावर त्रासाची रेघसुद्धा नव्हती. असं मरण मिळावं, असं आपण म्हणतो. अण्णांना मिळालं.

आता शोकसभेत सगळे गेलेल्या माणसाला देव करतात. मी करणार नाही. अण्णा मोठ्यानं बोलायचे. पंखा स्वतःकडे फिरवून घ्यायचे. विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचे, त्यामुळं आम्हाला अर्धे विनोद कधी कळलेच नाहीत. आणि रजेचा अर्ज गचाळ लिहिला तर तो परत हातात द्यायचे. "हे काय लिवलंय? बायको वाचंल का हे?" असं मी त्यांना एका ड्रायव्हरला विचारताना ऐकलंय.

पण मला आज त्यांच्या डब्याबद्दल बोलायचंय. साडेपाचच्या डब्याबद्दल.

जुन्या लोकांना आठवत असेल, मधली काही वर्षं आपल्या संघात फार वाईट गेली. दूध चांगलं होतं. माणसं चांगली होती. पण वर दोन साहेब होते, एक उत्पादनाचे, एक विक्रीचे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. नावं घेत नाही. दोघंही आता इथं नाहीत आणि मनानं दोघंही वाईट नव्हते. पिशवी फुटली की विक्रीवाले म्हणणार, तुमचं सील नीट बसत नाही. उत्पादनवाले म्हणणार, तुमची माणसं क्रेट आपटतात. आणि त्या वेळचे मॅनेजर? त्यांना कुणाचंच मन दुखवायचं नसायचं. म्हणून ते निर्णयच द्यायचे नाहीत. "उद्या परत बसू," म्हणायचे. उद्या परत बसायचं. परवा परत बसायचं. आणि इकडं पॅकिंगच्या बायका रोज फरशीवरचं दूध धूत बसायच्या.

मीटिंग कधी? संध्याकाळी पाचला. दिवसभर मॅनेजरसाहेब बाहेर, आले की सगळ्यांना बोलावणं. प्रत्येक विभागाचं माणूस हजर पाहिजे. तुमचा विषय असो नसो, बसायचं. लॅबमधून मी बसायची.

आणि बसलं की उठायचं कसं? हा खरा प्रश्न होता. उत्पादनवाले बोलत असताना उठलात, तर तुम्ही विक्रीवाल्यांचे. विक्रीवाले बोलत असताना उठलात, तर तुम्ही उत्पादनवाल्यांचे. जो आधी उठेल तो दुसऱ्या गटाचा. म्हणून कुणीच उठायचं नाही. वीस-बावीस माणसं, सगळ्यांना घरी जायचंय, आणि सगळी माना खाली घालून बसलेली.

माझं गाव आष्ट्याच्या पुढं. सहाची एसटी थेट गावात जायची. ती चुकली की आष्ट्यात उतरायचं आणि वडाप भरायची वाट बघत जीपमध्ये बसून राहायचं. माझी ऋतुजा तेव्हा बालवाडीत होती. तिचे वडील सैन्यात, वर्षातून दोनदा घरी. शेजारच्या वहिनी तिला सांभाळायच्या, पण अंधार पडला की ती पोर दारात उंबऱ्यावर येऊन बसायची, आत जायची नाही. मी रोज मीटिंगमध्ये बसून तो उंबरा बघायची. समोर काय बोलतायत ते कानावर यायचं, पण मी तिथं नसायची. बायांनो, तुमच्यातल्या किती जणींना हे माहीत आहे, मला माहीत आहे.

आणि मग एके दिवशी अण्णांनी डबा उघडला.

भर मीटिंगमध्ये. विक्रीवाले साहेब क्रेटवर बोलत होते. अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं, पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. साहेब बोलायचे थांबले. अण्णा म्हणाले, "चालू द्या साहेब. आमी जैन. दिवस मावळायच्या आत जेवावं लागतंय. तुमी बोला, मी ऐकतोय."

आता काय बोलणार? धर्माचं कारण. त्यात गट नाही, पक्ष नाही. अण्णांनी एक घास खाल्ला आणि डबा पुढं सरकवला. "घ्या साहेब, चटणी घ्या." विक्रीवाल्यांनी घेतली. मग उत्पादनवाल्यांना घ्यावी लागली. चटणी खात खात माणूस किती भांडणार? पावणेसहाला मीटिंग उठली. मला सहाची एसटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी परत डबा. तिसऱ्या दिवशी परत. उन्हाळ्यात तर गंमतच. आपल्या सांगलीत मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो. मॅनेजर म्हणाले, "अण्णा, बाहेर ऊन आहे अजून." अण्णा म्हणाले, "व्हय साहेब, पर मला चावायला लय येळ लागतो. दातं ऱ्हायलीत थोडी." तेव्हा अण्णांचे सगळे दात शाबूत होते. शेवटपर्यंत होते.

पण हे असं किती दिवस चालणार? अण्णांना मेमो मिळाला. मीटिंगमध्ये डबा खाणं शिस्तीत बसत नाही म्हणून. आणि त्यानंतर बदली. लांबचं आटपाडीचं दूध संकलन केंद्र. ज्यांनी सगळ्यांच्या बदल्यांचे कागद टाइप केले, त्यांनी स्वतःचाही केला. खाली सही घ्यायला गेले तेव्हा हसत होते. मला म्हणाले, "बाई, तकडं हवा कोरडी हाय. माझ्या गुडघ्याला बरंच हाय की."

अण्णा आटपाडीला गेले आणि इकडं मीटिंगा आठपर्यंत जायला लागल्या. मी नोकरी सोडायचं ठरवलं. दूध तपासण्याचं काम मला आवडायचं, आजही आवडतं, आणि तरी मी ते सोडायला निघाले होते. काम अवघड होतं म्हणून नव्हे. लोक मला विचारायचे, कामाचा ताण आहे का? मला कामाचा ताण कधीच नव्हता. दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तिसरा निर्णय देत नाही, आणि त्याची किंमत माझी पोर उंबऱ्यावर बसून देतेय, हा ताण होता.

मग अण्णा परत आले. कसे आले, हे मला पुढं कळलं. उत्पादनवाले साहेब गुपचूप मॅनेजरांकडं गेले आणि म्हणाले, अण्णांना परत आणा. दोन दिवसांनी विक्रीवाले गुपचूप गेले, त्यांनीही तेच सांगितलं. का? अहो, त्यांनाही घरी जायचं होतं. त्यांच्याही बायका वाट बघत होत्या. पण दोघांपैकी आधी कोण उठणार? अण्णांचा डबा नसल्यामुळं ते दोघंही आमच्यासारखेच अडकले होते. अण्णा आले, डबा आला. अर्ध्या तासात उठायचंय म्हटल्यावर मुद्द्याचं बोलावं लागलं, आणि तेव्हा कुठं ते सील दुरुस्त झालं. मी नोकरी सोडली नाही. आज मी लॅबची प्रमुख आहे ती अशी.

आता एक गोष्ट सांगते. काकूंना विचारूनच सांगते.

मंगळवारी मी घरी भेटायला गेले होते. स्वयंपाकघरात काकूंजवळ बसले. सांत्वन म्हणून म्हणाले, "काकू, अण्णांचं एक मानायला पाहिजे. दिवस मावळायच्या आत जेवायचा नियम कधी मोडला नाही." काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कुणाचा नियम? आवं, मी पाळते. ह्यांनी कवा पाळलाय? रोज रात्री नऊला ताट घिऊन टीव्हीम्होरं बसायचे. सांगून सांगून दमले मी." मी म्हटलं, मग तो संध्याकाळचा डबा? काकू म्हणाल्या, "मला म्हणायचे, हापिसात लय भूक लागती, दुसरा डबा दे. मी देत हुते."

मग काकूंना आधी हसू फुटलं. मग मला. सुतकाच्या घरात आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसत होतो, बाहेरची पाहुणेमंडळी आत डोकावून गेली. रडायला नंतर आलं. इतकी वर्षं त्या माणसानं भूक नसताना जेवण केलं, आमची एसटी चुकू नये म्हणून. आणि एकदाही बोलले नाहीत. काकू, तुम्ही रोज दुसऱ्यांदा भाकरी थापलीत. तुम्हालाही माहीत नव्हतं कुणासाठी. आमच्यासाठी होती ती.

परवा मीटिंग झाली. अण्णा वारल्यानंतरची पहिली. नवे साहेब इथं बसलेत. साहेब, तुम्ही चांगले आहात, तुमच्या काळात कुणाचे गट नाहीत, हे मी मनापासून सांगते. पण साडेपाच वाजले तेव्हा आम्ही सगळ्यांनी अण्णांच्या खुर्चीकडं बघितलं. कुणीच उठलं नाही. सात वाजले. पॅकिंगची वैशाली टेबलाखाली फोन धरून मुलाला मेसेज करत होती. तुमच्या लक्षात आलं नाही, साहेब. येत नाही, वर बसलं की.

मला अण्णांसारखं कारण सांगता येणार नाही. आमच्यात रात्रीच जेवतात. मला घाईही नाही, माझी ऋतुजा आता पुण्यात नोकरी करते. तरी उद्यापासून साडेपाचला मी उठणार आहे. रागानं नाही. कारणही सांगणार नाही. वैशाली, तू माझ्या मागोमाग ऊठ. आटपाडीला पाठवलं तर तिथली माणसं समोरच बसलीत, ओळख झालीच आहे.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. आधी कोण उठतंय, हे कुणी बघू नका. चला, सगळे मिळून उठूया.