शिंप्याच्या व्हिसावरचा डीजे

मंडळी, अजून थोडं सरकून घ्या. दाराबाहेर काही जण चपलांच्या ढिगात उभे आहेत. कुलकर्णीवहिनींनी सोफे गॅलरीत ढकलले, टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला, तरी दुबईतल्या अल कुसैसचा हा हॉल शेवटी दोन बेडरूमच्या फ्लॅटचाच. मघाशी वॉचमन वर येऊन विचारून गेला, "साब, बर्थडे किसका है?" वहिनींनी त्याला चहा देऊन खाली पाठवलं.

मी वार्ताहर. गेलेल्या माणसांविषयी पुष्कळ लिहिलं आजवर. पण माझ्या संस्कृतावरून "काय शास्त्रीबुवा" म्हणत मला चिडवणारं त्यांत कोणी नव्हतं. त्यामुळे आज जरा अडखळेन. सांभाळून घ्या.

आपल्या मराठी मंडळाच्या मित्रांनी सुचवलं, "दोन चांगले शब्द बोला, नाइटक्लबचं तेवढं काढू नका." आता काय करावं? सोनाराच्या शोकसभेत सोन्याचं नाव घ्यायचं नाही? आपण सभेच्या सूचनेत लिहिलं, 'हॉटेल व्यवसायातील आपले सहकारी'. मंडळी, प्रशांत मोरे डीजे होता. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या नाइटक्लबात दर गुरुवारी तो तबकड्या वाजवायचा आणि जगभरची माणसं त्यावर नाचायची. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

नाव प्रशांत. उद्योग कानठळ्या बसवण्याचा. मी म्हणायचो, "अरे, तुझ्या नावाचा आणि कामाचा समेट कधी होणार?" तो म्हणायचा, "शुक्रवारी दिवसभर झोपतो ना शास्त्रीबुवा, तेव्हा."

त्याचं काम काय, हे मला त्यानेच समजावलं. दुपारी क्लब रिकामा, खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनेलचा वास. दोन तबकड्यांमध्ये हा उभा, एका कानाला हेडफोन. म्हणाला, "हे बघा. साधं डान्सचं म्युझिक म्हणजे अबुधाबीचा हायवे. सरळ. झोप येते. आणि ब्रेकबीट म्हणजे शारजातल्या रोल्लाच्या गल्ल्या. ठेका अडखळतो, वळतो, कोणाला तरी धडकतो, पण थांबत नाही." मला राहवलं नाही. मी म्हटलं, याला संस्कृतात खंडताल म्हणू या. तो म्हणाला, "नको हो. पोटाच्या चूर्णाचं नाव वाटतं."

त्या क्लबात दर महिन्याला एक थीम असायची. कधी समुद्री चाचे, कधी सगळ्यांनी पांढरे कपडे. प्रशांतची पाळी आली तेव्हा याने काय थीम द्यावी? लोडशेडिंग! मॅनेजर लेबनॉनचा. बिचारा म्हणाला, "हबीबी, लाइट जावी म्हणून लोक तिकीट काढतील?" हा म्हणाला, "यल्ला, चल, करून तर बघू."

रोल्लाच्या दुकानांतून कंदील आणले. प्रत्येक टेबलावर एक. आणि ऐन रंगात आल्यावर सगळं बंद. आवाज बंद, दिवे बंद. फक्त कंदील. दोनशे माणसं गप्प. मग एका दणक्यात ड्रम आणि दिवे एकदम परत, आणि सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "आलीऽऽ!" इंग्रज ओरडत होते, रशियन ओरडत होते, फिलिपिनो ओरडत होते. मंडळी, या अमिरातीत मराठीचा एवढा प्रसार आपल्या मंडळाला कधी जमलेला नाही. हसा, हसा. तो असता तर पहिला हसला असता.

ती थीम इतकी चालली की लोकांनी पुन्हा मागितली. आणि त्या दुसऱ्या पार्टीत प्रशांत गेला.

कसा गेला, ते इथल्या बहुतेकांना अर्धवट ठाऊक आहे. नको त्या गोष्टीही ऐकल्या मी. क्लब म्हटलं की दारू, क्लब म्हटलं की आणखी काही. म्हणून सांगतो. मागे खिडकीपाशी बसली आहे ती मारिसेल. क्लबात दिव्यांचं काम तिचं. तिला आपली भाषा येत नाही, तरी ती इथे येऊन बसली आहे. तिने मला सांगितलं ते असं. ठरल्याप्रमाणे त्याने आवाज तोडला, तिने दिवे घालवले. पुन्हा दिवे लावायची खूण एकच होती. प्रशांतने आपल्या जवळचा कंदील वर उचलायचा. ती बघत राहिली. कंदील उचलला गेला नाही. तिला वाटलं, आज हा लोकांना जास्त ताटकळवतो आहे. लोकांनाही तसंच वाटलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. कोणीतरी "आली, आली" म्हणून हाका मारायला लागलं. लोक हसत होते. अंधार जितका लांबला तितकी मजा वाढत गेली. आणि तो तबकड्यांच्या मागे जमिनीवर पडला होता. हृदय बंद पडलं होतं. दारू नाही, काही नाही. पस्तिशीही झाली नव्हती हो त्याची.

मारिसेल, इट वॉज नॉट युअर फॉल्ट. हे मी तिला रोज सांगतो. आज सगळ्यांसमोर सांगतो.

इथे मी थांबलो असतो तर ही रीतसर शोकसभा झाली असती. पण मला थांबता येत नाही. कारण प्रशांत अजून इथेच आहे. आठवडा उलटून गेला, तो शवागारात आहे. आपण हार घातला तो फोटोला. माणूस घरी गेलेला नाही.

का नाही गेला? आपण सगळे या देशात राहतो, तेव्हा फार समजावायला नको. व्हिसावर जे लिहिलंय ते काम करणारी माणसं या खोलीत किती आहेत? हात वर करू नका. मला माहीत आहे. प्रशांतच्या व्हिसावर लिहिलं होतं, शिंपी. रोल्लाच्या एका टेलरिंगच्या दुकानाचा शिंपी. त्याला साधं बटण लावता येत नव्हतं. माझ्या शर्टाचं एकदा लावलं ते खिशाला शिवून ठेवलं. आता कागद सांगतात की एक शिंपी नाइटक्लबात मेला. शव सोडायचं तर ज्याच्याकडे तो कामाला होता त्याने सही करायची. हॉटेल म्हणतं, तो आमचा नव्हे, तो पाहुणा होता. पाहुणा! दर गुरुवारी तबकड्यांच्या पेट्या खांद्यावर घेऊन मागच्या दाराने येणारा पाहुणा मी तरी पाहिला नाही. आणि दुकान म्हणतं, आम्हाला काही माहीत नाही.

ते दुकान हमीदभाई चालवतात. दाराजवळ बसले आहेत. त्यांच्याकडे असं वळून बघू नका. प्रशांतला कोणी उभं करत नव्हतं तेव्हा याच माणसाने आपल्या अरबाबाच्या, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाच्या, पाया पडून त्याला व्हिसा मिळवून दिला. का? तर दोघं खेडचे. काल मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, "साहेब, मी सही मागायला गेलो तर अरबाब विचारणार, तुझा शिंपी तिकडे काय करत होता? दुकानाला टाळं लागेल. माझ्याकडे कारागीर आहेत, त्यांची पोरं गावाला आहेत. मी काय करू, तुम्हीच सांगा." इतकं व्याकरण, इतका न्याय शिकलो. एक वाक्य सुचलं नाही.

आणि रोज संध्याकाळी मी खेडला फोन करतो. त्याच्या आईला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "विमान किती वाजता उतरतंय? गाडी सांगायला हवी." मग विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरवाले ना, मग तुमच्या शब्दालाही एवढा वेळ लागतो?" काल त्यांनी विमानाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "तिथे थंड आहे ना हो? त्याला उकाडा सोसायचा नाही." मी हो म्हटलं. थंड आहे, आई. खूप थंड आहे.

आज फोनवर काय सांगू? सांगा ना मला कोणीतरी. तुमच्या मुलाला दोन मालक आहेत आणि दोघांनाही तो नको आहे, असं सांगू?

मंडळी, त्या हॉटेलच्या ऑफिसात काम करणारे दोघं या खोलीत आहेत. मी नावं घेणार नाही. हमीदभाईंचं मी घेतलं, कारण त्यांनीच काल मला घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "सभेत बोला, मग बघू माझी छाती होते का." एकट्या माणसाची छाती होत नाही, हे मला कळतं. माझीही झाली नसती. पण उद्या सकाळी अरबाबाच्या दारात एक हमीदभाई उभा राहण्याऐवजी आपण सगळे उभे राहिलो तर? टाळं लागायचं असेल तर लागेलही. मी खोटा धीर देणार नाही. पण त्या कारागिरांना नव्या जागी लावून घेण्याइतकी दुकानं आणि कंपन्या या खोलीतच आहेत की नाहीत?

आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगायला हवं. मी सांगणार नाही. मौन आपण आठवडाभर पाळतोच आहोत. हॉटेल पाळतंय, दुकान पाळतंय, मंडळ पाळतंय. आणखी दोन मिनिटांनी त्याला काय मिळणार?

उभे मात्र राहा. आणि बोला. जो ज्या नात्याने त्याला ओळखत होता, तेवढंच मोठ्याने म्हणा. मी सुरुवात करतो.

प्रशांत मोरे, राहणार खेड. शिंपी नव्हता. हॉटेलात संगीत वाजवायचा आणि फार छान वाजवायचा. माझा मित्र होता. तो आमचा होता.

प्रशांत, नमस्कार रे बाबा.

हां, हमीदभाई. उभं राहवत नसेल तर बसूनच बोला. आम्ही ऐकतो आहोत.