मोठं माप

सरका जरा जवळ. मी आज हळूच बोलनार हाय, कानाला ताप देते म्हना. आन आधीच सांगते, मला सरळ रेषेत सांगता येत न्हाई, आमच्या पेटीवानी माजं हाय, एक माळ काढाया जावं तर चार गुंतून वर येत्यात. सोडवाया बसायचं तुमी.

आमी कासार. बांगड्या भरनारं. माजं म्हायेर पाटनच्या वरल्या अंगाला, डोंगरात. बा माजा खांद्यावर माळा टाकून वाडी-वाडी हिंडायचा, आन मी त्याच्या मागनं, कशाला तर कुत्री हाकलाया. एका म्हातारीची बोटं वातानं वाकडी झालेली, बा घामाघूम झाला, बांगडी काय चढंना, मी म्हनलं आना हिकडं, आन चढवली की. म्हातारी म्हनली, चढली व्हय? तवापास्नं बा गावभर सांगत सुटला, पोरीचा हात हलका हाय, पोरीचा हात हलका हाय. रंगानं मी ही अशी, उंचीला काय तुमी बघताच. पन हात हलका. तेवढ्यावर मला सांगलीचं घर मिळालं.

घर चांगलं, बाजारात दुकान. दुकानात आमचं मालक. नाव न्हाई घेत मी, हसू नका. आता कासाराच्या पोटी येऊन मानसाच्या हातात बांगडी टिकू नये ह्याला काय म्हनावं? आमच्यात बांगडी फुटली म्हनत न्हाईत, वाढली म्हनत्यात, सवाशिनीच्या हातचं लेनं ते. तर मालकांच्या हातनं रोज वाढायची. बायका दुकानात डोकवायच्या, मालक एकटं दिसलं की म्हनायच्या, दाजी, आमी मागनं येतो. माल मांडायचं काम त्येंचं आन भरायचं काम सासूचं नि माजं. सासूला मी आत्याबाई म्हनायची. आत्याबाईंचा हात तवा थरथराया लागलेला, म्हंजे भरनारी मी एकटीच उरले. त्यात लढाई चालली हुती, काचेचा माल वरनं येईना, आला तर निम्मा चुरा. अशा वक्ताला हलक्या हाताची किंमत लय. आन ती मला कळलेली, हे वाईट झालं.

काय सांगू तुमाला, बाई बांगड्या भराया हात देती न्हवं, तवा नुसता हात देत न्हाई. सासू कशी हाय, नवरा बोलतो का न्हाई, पोटात काय दुखतंय, समदं सांगती. मी ऐकायची, हं हं म्हनायची, आन तिचं ध्यान बोलन्यात असतानाच सांध्यावरनं बांगडी पल्याड. झालं की ती वाकून नमस्कार करायची. विशी-बाविशीच्या मला म्हाताऱ्या बायका नमस्कार करायच्या! डोकं फिरंल न्हाईतर काय हुईल.

तर मला दिस गेलं. पाचव्यातच पोट सातव्याएवढं दिसाया लागलं. सुईन आली, तिनं पोट चाचपलं, परत चाचपलं, आन म्हनली, दोन डोकी लागत्यात गं हाताला. सातवा लागला की बस गप घरात. आत्याबाई म्हनल्या, बसती कशाला? मी ह्येच्या वक्ताला सकाळी धा जनींच्या बांगड्या भरल्या आन दुपारी ह्यो झाला. मालक कोपऱ्यातनं म्हनलं, म्हनूनच माजं हात असं झालं असतील. मला ते म्हनायचं, थांब गं आता, मी बघतो दुकानाचं. मी दुकानाकडं बघायची, त्येंच्याकडं बघायची, आन म्हनायची, पंचमी झाली की बसते.

पंचमी म्हंजे नागपंचमी, बत्तीस शिराळ्याची. नवी बांगडी भरल्याबिगर नागोबाला बाई जात न्हाई, आन आत्याबाईंचं म्हायेर शिराळ्याचं. त्येंच्या भावाच्या सोप्यात आमचं दरवर्सी दुकान. चार दिस नुसतं हातावर हात. ते सोडून घरात बसायचं? माझ्याबिगर बायका बिनबांगडीच्या नागोबाला जातील, आसं मला वाटायचं. खरंच वाटायचं.

आता ह्यातली गंमत बघा, म्हंजे तवा गंमत वाटली. माजा हात बारीक, दोन-दोनचं माप. सहाव्यात बांगड्या रुताया लागल्या. दुसरी बाई असती तर काय केलं असतं? घाबरली असती, कुनाला तर दावलं असतं, का गं बाई हात सुजला माजा. मी काय केलं? मी कासारीन. त्याल लावून त्या उतरवल्या आन दोन-चारच्या भरल्या. फुडं त्या रुतल्या, दोन-सहाच्या भरल्या. पंचमीच्या आधी दोन-आठच्या. पेटीच माझ्या म्होरं, मोठं माप कवाबी हाताशी. मालकांनी एकदा इचारलं, तुजा हात मोठा झाला का गं? मी म्हनलं, दोन जीव पोसायचं म्हंजे अंगावर याचंच.

डोकं दुखत हुतं. ते मी मोटारीच्या धुरावर ढकललं. लढाईत प्याट्रोल न्हवतं, कोळशावर चालायच्या मोटारी, शिराळ्याला जाईस्तवर मानूस भट्टीतनं काढल्यावानी व्हायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सोप्यात बायका दाटल्या हुत्या. बाहेर सरी चाललेल्या, आत नुसती गडबड, माजं आधी, माजं आधी. एक बाई बसली म्होरं. कृष्णाकाठच्या एका गावची, मी तिच्या घरला जाऊन भरलेल्या. डावा हात भरून झाला. ती म्हनली, आमच्या थोरल्या जाऊबाईला तुमीच भरल्या हुत्या की चैतात, हिरव्या, लय सुजलेला हात. मला आठवली ती. दात किंचित फुडं, हसरी. तिला मी म्हनलं हुतं, अंगावर आलंय गं तुज्या, पोरगं गुटगुटीत हुनार, आन त्याल लावून मोठं माप चढवलं हुतं. मी इचारलं, काय झालं त्येनला? ती म्हनली, गेली की. जुळं हुतं. डोकं दुखतंय म्हनायची, डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हनायची, आन एक दिस आचकं आलं. जीभ चावून घेतली. तिगंबी गेली.

तिचा उजवा हात माझ्या हातात हुता. मी बांगडी सांध्यावर टेकवली, आन माझ्या डोळ्याम्होरं एक काजवा चमकून गेला. भर दुपारी. मग दुसरा. बांगडी वाढली माझ्या हातात. जन्मात पहिली. काच माझ्याच तळव्यात गेली, आन सोप्यातला समदा कालवा एकदम थांबला, कारन हलक्या हाताच्या बाईची बांगडी वाढली हुती.

ती बाई म्हनली, बघू तुमचा हात. आजवर मी बायकांचा हात धरला, माजा कुनी धरला न्हवता. तिनं मनगटावर आंगठा दाबला आन काढला. खड्डा तसाच ऱ्हायला. कनकेत पडावा तसा. मी माझ्या हातातल्या बांगड्यांकडं बघितलं, दोन-आठच्या, आन त्याबी रुतल्या हुत्या.

मी म्हनलं, आत्याबाई, मी उठते. आत्याबाई म्हनल्या, अगं एक वाढली म्हनून उठतीस? पंचमी उद्या हाय. मी म्हनलं, मी उठते. आमच्यात बाईचा हात अर्धा सोडत न्हाईत, एक भरलेला नि एक मोकळा, लय वंगाळ दिसतं ते. मी सोडला. आत्याबाईंनी तोंड उघडलं बोलाया, आन माझ्या पायांकडं नजर गेली त्येंची. वहाना पायात जाईनात माझ्या. आत्याबाई गप झाल्या. त्या बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या गप झाल्या तवा मला खरं भ्या वाटलं.

मोटारीत मी पदराचा बोळा दातात धरून बसले. आचका आला तर जीभ वाचावी म्हनून. कंडक्टरला वाटलं बाई वकतीया, त्यानं लांब बसवलं, खिडकीपाशी. बाहेर शेतं पळत हुती आन प्रत्येक चमकीला मला वाटायचं, ही तीच, आता आला, आता आला. पोटात दोघं हालत हुती. एक हाललं की मी दुसऱ्याची वाट बघायची. आत्याबाई माजा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या, चोळू का म्हनून इचारायची बी त्येंची छाती हुईना.

सांगलीत एक डाक्टरीनबाई हुत्या. मालकांनी टांग्यातनं नेलं. बाईंनी पोटाला नळी लावली, हिकडं लावली, तिकडं लावली, म्हनल्या, दोन्ही हायत. मग हात बघितला, बोटं निळी पडत चाललेली. म्हनल्या, ह्या बांगड्या आत्ताच्या आत्ता काढा. त्याल लावलं, साबन लावला, न्हाई आल्या. म्हनल्या, मग फोडा. तसं आत्याबाईंनी टाहो फोडला, नवरा जिता असताना, भरल्या पोटानं, दोन्ही हात मोकळं? माझ्या लेकाच्या जिवावर का उठताय? मालक म्हनलं, आई, मी हिथं उभा हाय की, मला काय झालंय? आन आत्याबाईंच्या चंचीतला आडकित्ता त्येनी उचलला. लावला बांगडीला. आन हात हालंना. जन्मभर चुकून शेकड्यानं वाढवल्या आसतील त्येनी, मुद्दाम एक वाढवता येईना. डोळ्यातनं पानी, आन आडकित्ता तसाच हातात. मला त्या भयात बी हसू आलं, काय करू?

मग आत्याबाई उठल्या. नागोबाला व्हायला घेतलेली हळद त्येंच्या कनवटीला तशीच हुती. पदराची दशी तोडली, हळदीत माखली, माझ्या दोन्ही मनगटांना बांधली, हात मोकळं ऱ्हाऊ नयेत म्हनून. आन लेकाच्या हातातनं आडकित्ता काढून घेतला. त्येंचा हात थरथरत हुता. मी म्हनलं, आत्याबाई, कापंल ओ. त्या म्हनल्या, कापू दे. तू ऱ्हायलीस तर भरून येईल.

एकेक करून वाढवल्या. दोन ठिकानी कापलं. हे बघा, अजून हाय.

फुडं अंधाऱ्या खोलीत पडून ऱ्हायाचं. मीठ न्हाई, उजेड न्हाई, उठायचं न्हाई. लोकांना वाटतं काम थांबवलं की भ्या थांबतं. काम करताना भ्यायला येळ कुठं असतो? पडल्यावर दुसरं कामच नसतं. मी आपली कान लावून पडायची, पोटाला बी आन भिंतीला बी. भिंतीपल्याड दुकान. गौरी-गनपतीच्या बायका यायच्या, आन मालक भरायचं. ऐकू यायचं, खळ्ळ. मग बायका हसायच्या. परत खळ्ळ. मी दचकायची. मग हळूहळू खळ्ळ कमी झालं. एक दिस अख्खा गेला, एकबी वाढली न्हाई. माझ्याबिगर चाललं की ओ. मला आनंद व्हायला पायजे हुता, मी रडले. आसली मी.

दिस भरायच्या आधीच झाली दोघं. पहिली पोरगी. पोराच्या वक्ताला मला आचका आला म्हनं, एकच, मला काय ठावं न्हाई. डोळं उघडलं तर कापसात दोन गाठोडी, मुठी चिमनीएवढ्या, आन मालक दाराशी उभं, हातात दोन-दोनच्या हिरव्या बांगड्या. चार-आठ दिसांनी सूज उतरली तवा त्येनीच भरल्या मला. सहज चढल्या. त्येंचा पन हात हलका झालेला आन माजा पन.

पोरगा आता यस्टीवर हाय. हातानं बापासारखा, कपबशी दिली की आमी डोळं मिटतो. पोरगी शाळेत बाई हाय, हिथंच, पलीकडल्या गल्लीत दिली. तिला सातवा हाय. तिला म्हनलं, कवा बसनार घरात? म्हनली, परीक्षा झाल्या की बसते. पंचमी झाली की बसते, तोच माजा आवाज. तिच्या लग्नातल्या मापाची एक बांगडी मी दारातल्या खुंटीला ठेवलीया. रोज सकाळी शाळेत जाताना थांबवते, हात घेते, घालते, काढते. ती हसती, आई तू रोज माप घेतीस, मी काय वाढत्या वयाची हाय? मी म्हनते, हास. मोठं माप घरात ठेवलंच न्हाई मी तिच्यासाठी.

आज सकाळी सांध्याशी थांबली बांगडी. जराशीच थांबली. ती म्हनली, आई, गरम हुतंय, म्हनून. मी म्हनलं, व्हय गं, म्हनूनच. पन पिशवी खाली ठेव. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन ठेवली.

आत निजलीया. म्हनून मी हळू बोलतीया मघापास्नं. भाऊ गेलाय तिचा, डाक्टरला घेऊन येतो म्हनून. गप बसले असते तर ह्या कानांनी पुन्ना भिंत ऐकत बसले असते, तुमी आला, बरं झालं.

आना, हात आना हिकडं. दोन बांगड्या भरते, न्हाई म्हनू नका. दुसरं कासार सौभाग्य मागत्यात, ल्योक मागत्यात. मी भरताना एवढंच म्हनते, बाई, तुज्या हाताचं माप ह्येच ऱ्हाऊ दे.